स्वस्त भाडे कोणासाठी? युरोपातील रेल्वे आणि बसप्रवासाविषयी एक संवाद

साशंक : युरोपातील रेल्वेची आणि लांब पल्ल्याच्या बसची स्वस्त तिकिटे शोधून काढणे ही आज एक विद्या मानली जाते, आणि ती अवगत असलेल्या प्रवाशाचे कौतुकही होते, पण सार्वजनिक वाहनात बसण्यासाठी अशी विद्या लागावीच का, हा मूळ प्रश्न त्या कौतुकात हरवून जातो. बर्लिनहून प्रागला किंवा पॅरिसहून लियाँला जाणाऱ्या एकाच गाडीच्या एकाच डब्यात शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी मोजलेल्या भाड्यात दुपटी-तिपटीचे अंतर असू शकते, आणि तरीही त्यांचे आसन, गाडीचा वेग आणि पोहोचण्याची वेळ यांत काडीचाही फरक नसतो. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस गाडीचे भाडे अंतर आणि वर्ग या दोन गोष्टींवर ठरते आणि तिकीट महिनाभर आधी घेतले किंवा दोन दिवस आधी घेतले तरी, तत्काळचा अपवाद वगळता, ते बदलत नाही. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांत मागणीनुसार वाढणारे भाडे आले हे खरे. परंतु तेथेही दर दहा टक्के आसने विकली गेली की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढते आणि ठरलेल्या कमाल मर्यादेवर थांबते, हा नियम जाहीर आहे. युरोपातील वेगवान गाड्यांच्या बाबतीत आज किती आसने कोणत्या दराने उरली आहेत आणि उद्या दर किती होईल, हे प्रवाशाला कळण्याचा मार्गच नाही. ज्या दराचा तक्ता लोकांसमोर नसतो, तो दर रास्त आहे की नाही हे लोक ठरवू शकत नाहीत, आणि म्हणून स्वस्त तिकीट मिळाल्याचा आनंद हा बहुधा तुलनेचे मापच हाती नसल्याचा आनंद असतो.

पुरस्कर्ता : तक्ता नसल्याचा आक्षेप गंभीर आहे, पण दर बदलते का झाले हे पाहिल्याशिवाय त्याचे वजन ठरणार नाही. रेल्वेगाडी चालवण्याचा खर्च जवळजवळ पूर्णपणे आधीच ठरलेला असतो : रूळ वापरण्याचे शुल्क, वीज, चालक, डब्यांची देखभाल या सर्वांवर गाडीत शंभर माणसे बसली काय आणि चारशे बसली काय, सारखाच पैसा जातो. गाडी सुटल्यावर रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते, बाजार उठताना उरलेल्या पालेभाजीसारखी. म्हणून काही आसने अगदी कमी दराने आधी विकून गाडी भरणे आणि ज्यांना ऐनवेळी जायचे आहे त्यांच्याकडून अधिक दर घेणे, या पद्धतीला उत्पन्न-व्यवस्थापन म्हणतात आणि ती अमेरिकी विमान कंपन्यांनी विकसित केली. फ्रेंच रेल्वेने १९९३ मध्ये ‘सोक्रात’ ही आरक्षणप्रणाली सुरू केली तेव्हा तिचा पाया अमेरिकन एअरलाइन्सच्या ‘सेबर’ या प्रणालीवर उभारलेला होता. जर्मन रेल्वेत आज लवचीक दर, बचत दर आणि अतिबचत दर असे तिकिटाचे मुख्य प्रकार आहेत. लवचीक तिकिटावर त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीने जाता येते, बचत तिकीट ठरावीक गाडीशी बांधलेले असते, आणि अतिबचत तिकीट गाडीशी बांधलेले तर असतेच, शिवाय रद्द केल्यास त्याचे पैसेही परत मिळत नाहीत. म्हणजे शेजारच्या दोन प्रवाशांनी एकच वस्तू विकत घेतलेली नसते. एकाने आसन घेतलेले असते आणि दुसऱ्याने आसनाबरोबर बेत बदलण्याचा हक्कही घेतलेला असतो. गाडी भरण्यातून स्वस्ताई येते हे तत्त्व तर याहूनही जुने आहे. थॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लाफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात नेऊन आणली, ती एक खास गाडी ठरवूनच. प्रवासाला कधी न निघालेला कामकरी माणूस त्या सौद्यामुळे गाडीत बसला.

साशंक : एकोणिसाव्या शतकाचा दाखला द्यायचा तर तो पुरा दिला पाहिजे. झ्यूल द्युप्वी हा फ्रेंच अभियंता आणि अर्थचिंतक. त्याने १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांविषयी जे निरीक्षण नोंदवले, ते आजही तितकेच लागू आहे. त्याच्या मते तिसऱ्या वर्गाच्या डब्यावर छप्पर नसण्याचे कारण छपराचा खर्च हे नव्हते. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्या माणसाने तिसऱ्या वर्गात बसू नये, यासाठी तो वर्ग मुद्दाम गैरसोयीचा ठेवला जात होता, आणि त्या गैरसोयीचा खरा मार ज्यांना दुसरा पर्यायच नव्हता त्या गरिबांना बसत होता. आज छप्पर काढून घेतलेले नाही, बेत बदलण्याचा हक्क काढून घेतला आहे. अतिबचत तिकिटाचे पैसे परत देण्यात रेल्वेला फार मोठा तोटा होतो म्हणून ते नाकारले जातात असे नाही. ते दिले तर लवचीक तिकीट कोणी घेणार नाही म्हणून नाकारले जातात. आणि ब्रिटनमध्ये गरिबांच्या डोक्यावर छप्पर आले ते कंपन्यांच्या हिशेबातून आलेले नाही. ग्लॅडस्टन व्यापारखात्याचा प्रमुख असताना १८४४ मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक मार्गावर दिवसाला किमान एक गाडी मैलाला एक पेनी या कमाल दराने, ताशी किमान बारा मैल वेगाने, बसायला आसन आणि उन्हापावसापासून आडोसा देऊन चालवणे बंधनकारक केले. म्हणून स्वस्त भाड्याचे दोन इतिहास आहेत, एक सौद्याचा आणि एक कायद्याचा, आणि पुरस्कर्ते नेहमी पहिलाच सांगतात.

यात परदेशातून येणाऱ्या प्रवाशाची स्थिती तर आणखी अवघड आहे. आगाऊ तिकिटाची सवलत म्हणजे निश्चिततेला दिलेले बक्षीस होय. आणि महाराष्ट्रातून युरोपला जाऊ पाहणाऱ्या कुटुंबाजवळ नेमकी निश्चितताच नसते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी अर्ज करता येतो, निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस आणि विशेष प्रसंगी पंचेचाळीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि उन्हाळ्याच्या हंगामात अर्ज सादर करण्याची वेळ मिळण्यातच आठवडे जातात. ज्या काळात स्वस्त आसने उपलब्ध असतात त्या काळात या कुटुंबाला आपण जाणार आहोत की नाही हेच ठाऊक नसते. आणि व्हिसा हाती येतो तेव्हा स्वस्त आसने म्युनिकच्या किंवा मिलानच्या रहिवाशाने केव्हाच घेतलेली असतात. जर्मन पासपोर्टधारकाला जे तिकीट काटकसर वाटते, ते भारतीय पासपोर्टधारकासाठी पैज असते.

पुरस्कर्ता : व्हिसाचा मुद्दा मान्य केला पाहिजे, तो भाड्याच्या चर्चेत क्वचितच येतो आणि यायला हवा. तथापि अनिश्चित प्रवाशासाठी युरोपात काहीच नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ठरावीक मुदतीत हवे तितके फिरण्याची मुभा देणारा पास ही तेथील जुनी सोय आहे. युरोपाबाहेरच्या रहिवाशांसाठी युरेल पास १९५९ मध्ये सुरू झाला आणि युरोपातील तरुणांसाठी इंटररेल १९७२ मध्ये. महाराष्ट्राच्या एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना ज्यांनी वापरली आहे, त्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही : दर मुदतीचा, मार्ग प्रवाशाचा. याशिवाय प्रादेशिक गाड्यांची दिवसभराची तिकिटे आहेत, ज्यांचा दर आदल्या महिन्यात घेतले काय आणि गाडी सुटण्यापूर्वी फलाटावर घेतले काय, तोच राहतो. बव्हेरिया राज्याचे दिवसाचे तिकीट पाच जणांच्या गटाला मिळून घेता येते, आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नऊपासून चालते, आणि ते सीमा ओलांडून ऑस्ट्रियातील साल्झबर्गपर्यंत लागू आहे. म्युनिकला उतरलेल्या चार-पाच जणांच्या कुटुंबाने साल्झबर्ग पाहून संध्याकाळी परतायचे ठरवले, तर वेगवान गाडीच्या पाच स्वतंत्र तिकिटांपेक्षा हे एक तिकीट बहुतेक वेळा कितीतरी स्वस्त पडते, आणि वेळेत पडणारा फरक अर्ध्या तासाच्या आसपासचा असतो. येथे महिनाभर आधीची निश्चितता लागत नाही, लपवलेला दर नाही आणि परताव्याचा प्रश्नही नाही. थोडी सावकाशी स्वीकारली की स्वस्ताई मिळते, आणि सावकाशी ही गैरसोयच असते असे धरून चालण्याचे कारण नाही; सुट्टीवर आलेल्या माणसाला छोट्या स्थानकांवर थांबत जाणारी गाडी अधिक देश दाखवते.

साशंक : सावकाशी ही ज्याच्याजवळ वेळ आहे त्याची चैन असते, आणि व्हिसाचे दिवस मोजून मिळालेल्या प्रवाशाजवळ वेळ नसतो, पण तो वाद बाजूला ठेवून पासकडे पाहावे. पासने मार्गाचे स्वातंत्र्य मिळते हे विधान जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील बहुतेक गाड्यांपुरते खरे आहे, कारण तेथे आरक्षण सक्तीचे नसते. फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांत मात्र पास असूनही आसनाचे आरक्षण स्वतंत्र पैसे देऊन करावे लागते. फ्रान्समधील वेगवान गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठीची आसनेही मर्यादित असतात, आणि ती संपली की गाडीत जागा असूनही पासधारकाला पूर्ण तिकीट घ्यावे लागते. जो पास निश्चितता नसलेल्यासाठी म्हणून सांगितला जातो, तोच अशा मार्गांवर पुन्हा आगाऊ नियोजन मागतो. नियमही सरळ नाहीत. पुण्यात राहणाऱ्याने युरेल घ्यायचा, पण तोच माणूस शिक्षणासाठी जर्मनीतील आखेनला राहू लागला आणि निवासपरवाना मिळाला की त्याने इंटररेल घ्यायचा. आणि इंटररेलवर ज्या देशात तो राहतो, त्या देशातून बाहेर पडण्याचा एक आणि परतण्याचा एक एवढाच प्रवास चालतो. सवलत कार्डाचेही तसेच. वार्षिक शुल्क भरून तिकिटांवर पंचवीस किंवा पन्नास टक्क्यांपर्यंत सूट देणारे जर्मन रेल्वेचे कार्ड ज्यांचा प्रवास नियमित आहे त्यांना फायद्याचेच आहे. परंतु मुदतीपूर्वी ते रद्द केले नाही तर त्याचे आपोआप नूतनीकरण होते आणि पुढच्या वर्षाचे शुल्क लागू होते, ही अट नवख्या विद्यार्थ्याच्या लक्षात येते ती बहुतेकदा शुल्काची नोटीस आल्यावर. प्रत्येक सोयीच्या पोटात एक अट आहे, आणि त्या अटी बहुतेक ठिकाणी परक्या भाषेत आहेत.

पुरस्कर्ता : मग बसचा विचार करावा, कारण तेथे अटी कमी आहेत आणि दर बहुधा सर्वांत कमी. ही सेवा आज इतकी सर्वत्र दिसते की ती किती अलीकडची आहे याचे विस्मरण होते. जर्मनीत १९३० च्या दशकापासूनच्या कायद्याने रेल्वेला संरक्षण दिले होते आणि रेल्वेला समांतर अशा लांब पल्ल्याच्या बसमार्गांना, बर्लिनसारखे अपवाद वगळता, परवानगीच मिळत नसे. जानेवारी २०१३ मध्ये ही बंदी उठली. फ्रान्समध्ये ऑगस्ट २०१५ च्या कायद्याने तेच घडले. ब्रिटनने तर १९८० मध्येच हे क्षेत्र खुले केले होते. जर्मनीत बंदी उठताच अनेक कंपन्या एकदम उतरल्या आणि पहिली दोन-तीन वर्षे भाड्याची अशी चढाओढ झाली की रेल्वेलाही आपले बचत दर खाली आणावे लागले. यात केवळ कंपन्यांचा खेळ नव्हता. रेल्वेचे भाडे न परवडल्यामुळे जे घरीच राहिले असते असे विद्यार्थी, निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे, पूर्व युरोपातून कामाला आलेले मजूर यांना प्रथमच दूरच्या शहरातल्या आपल्या माणसांकडे वारंवार जाता येऊ लागले. आज जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे, त्यात मराठी मुले-मुली पुष्कळ आहेत, आणि दिवाळीला दुसऱ्या शहरातल्या मित्रांकडे जमायचे तर त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला विचार बसचाच असतो. बसचे भाडेही मागणीनुसार बदलते, पण त्याचा तळ इतका खाली असतो की आठवडाभर आधी घेतलेले तिकीटही सामान्यतः आवाक्यात राहते.

साशंक : त्या चढाओढीचा शेवट काय झाला तेही सांगितले पाहिजे. म्युनिकमध्ये स्थापन झालेल्या फ्लिक्सबसने २०१५ मध्ये आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी विलीनीकरण केले, २०१६ मध्ये मेगाबसचा युरोपीय मुख्यभूमीवरचा व्यवसाय आणि जर्मन टपालखात्याशी नाते असलेली पोस्टबस आपल्याकडे घेतली, आणि त्यानंतर जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या बस-बाजाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा एकाच कंपनीकडे गेला. बाजार खुला करून ग्राहकाला पर्याय मिळतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात सरकारी रेल्वेची मक्तेदारी जाऊन बसपुरती खासगी कंपनीची आली. या व्यवसायाची रचनाही पाहण्यासारखी आहे : तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या मालकीच्या बस जवळजवळ नसतातच, बस आणि चालक छोट्या स्थानिक वाहतूकदारांचे असतात, आणि रिकाम्या गाडीची जोखीम मोठ्या अंशी त्यांच्यावर येते. युरोपीय नियमांनुसार चालकाने साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटे विश्रांती घेतलीच पाहिजे आणि दिवसाला सामान्यतः नऊ तासांहून अधिक गाडी चालवू नये. दर जितका खाली ओढला जातो तितका या नियमांवर ताण येतो. शिवाय रेल्वेला प्रत्येक किलोमीटरला रूळ वापरण्याचे शुल्क द्यावे लागते, आणि जर्मनीत मालमोटारींना लागू असलेला महामार्गाचा टोल प्रवासी बसला माफ आहे. म्हणजे बसच्या स्वस्ताईचा एक भाग कार्यक्षमतेतून आलेला आहे आणि एक भाग करदात्याने बांधलेल्या रस्त्याच्या फुकट वापरातून.

प्रवाशाच्या बाजूनेही हिशेब अपुरा मांडला जातो. बसचे थांबे कित्येक शहरांत मुख्य स्थानकापासून दूर असतात. बर्लिनचे मध्यवर्ती बसस्थानक शहराच्या पश्चिम टोकाकडे आहे. पहाटे तीन वाजता, प्रतीक्षालय नसलेल्या थांब्यावर, हिवाळ्यात एकट्या मुलीने पुढच्या बसची वाट पाहणे ही किंमत तिकिटावर छापलेली नसते. रात्रीच्या बसने निवासाचा खर्च वाचतो असे सांगणारे या तासांचा हिशेब धरत नाहीत. त्यात सीमेवरची तपासणी येते : शेंगेन क्षेत्रात नेहमीची तपासणी नसली तरी अनेक देशांनी गेल्या काही वर्षांत ती तात्पुरती म्हणून पुन्हा सुरू केली आहे, आणि बस थांबवून सर्वांची कागदपत्रे पाहिली जातात. मूळ पासपोर्ट आणि निवासपरवाना खोलीवर ठेवून मोबाइलमधील छायाचित्रावर विसंबलेल्या विद्यार्थ्याला हे स्वस्त तिकीट फार महाग पडू शकते.

पुरस्कर्ता : कागदपत्रांची काळजी रेल्वेतही घ्यावीच लागते, आणि रात्रीच्या थांब्यांची अडचण खरी असली तरी तो बसस्थानके बांधणाऱ्या नगरपालिकांचा दोष आहे. मक्तेदारीचे उत्तर मात्र मक्तेदारी मोडण्यात आहे, आणि ते रेल्वेत घडून दाखवले गेले आहे. इटलीत एप्रिल २०१२ मध्ये इटालो ही खासगी वेगवान रेल्वे धावू लागली आणि रोम-मिलान मार्गावर सरकारी रेल्वेशी तिची थेट स्पर्धा सुरू झाली. स्पेनमध्ये माद्रिद-बार्सिलोना मार्गावर मे २०२१ मध्ये फ्रेंच मालकीची उइगो आली, पाठोपाठ सरकारी रेल्वेची स्वतःची स्वस्त सेवा आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये इर्यो. या सर्वांनी मिळून भाडी उतरवली आणि प्रवासी वाढवले. चेक प्रजासत्ताकात २०११ पासून खासगी गाड्या धावत आहेत. याच्या जोडीला प्रवाशाने थोडा शोध घेतला तर विक्रीच्या रचनेतूनही बचत होते. सीमा ओलांडणाऱ्या गाडीचे तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वे आपापल्या दराने विकतात, आणि बर्लिन-प्राग गाडीचे चेक रेल्वेकडचे आगाऊ तिकीट पुष्कळदा जर्मन रेल्वेच्या तिकिटापेक्षा स्वस्त असते. ब्रिटनमध्ये एका प्रवासाचे दोन-तीन तुकडे करून वेगवेगळी तिकिटे घेणे नियमाने मान्य आहे, मात्र तिकीट जेथे बदलते त्या स्थानकावर गाडी थांबली पाहिजे. प्रवासी आसनावरून उठतही नाही आणि एकूण भाडे कमी होते.

साशंक : हे शेवटचे उदाहरण मूळ आक्षेपाला बळच देते. अखंड प्रवासापेक्षा त्याचे तुकडे स्वस्त पडतात याचा अर्थ दररचनेत संगती उरलेली नाही, आणि त्या विसंगतीचा लाभ तिला ओळखणाऱ्यालाच मिळतो. तुकड्यांची जोखीम तर युरोपच्या मुख्यभूमीवर फारच मोठी आहे. जून २०२३ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमांनुसार रेल्वेला साठ मिनिटांहून अधिक उशीर झाला तर भाड्याच्या पंचवीस टक्के आणि दोन तासांहून अधिक झाला तर पन्नास टक्के भरपाई मिळते, आणि पुढची गाडी चुकली तर मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेची असते. पण चुकलेल्या गाडीबाबतचे हे संरक्षण सलग तिकिटाला, म्हणजे संपूर्ण प्रवासाचा एकच करार असलेल्या तिकिटाला असते. हँबुर्गहून बर्लिनपर्यंत एका कंपनीचे आणि तेथून प्रागपर्यंत दुसरीचे तिकीट घेतलेल्या प्रवाशाची पहिली गाडी उशिरा आली, तर दुसरे तिकीट वाया जाते आणि कोणीही उत्तरदायी नसतो. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये केवळ ६२.५ टक्के वेळेवर, म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशिराने, धावल्या, हे लक्षात घेतले तर दोन तुकड्यांमधील वाचलेले पैसे हा विमा न उतरवल्याचा हप्ता आहे असेच म्हणावे लागते. स्पर्धेबाबत बोलायचे तर ती माद्रिद-बार्सिलोनासारख्या भरलेल्या मार्गांवर येते. स्पेनमधील सोरियासारख्या लहान शहराकडे तीन कंपन्यांच्या गाड्या कधीच धावणार नाहीत. आणि माद्रिदचे दर टिकणारे आहेत का, हाही प्रश्न उघडा आहे : फ्रेंच कंपनी खर्चापेक्षा कमी दराने तिकिटे विकते असा जाहीर आरोप स्पेनच्या वाहतूकमंत्र्यांनीच केला. जर्मन बसचा इतिहास येथे पुन्हा होणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

पुरस्कर्ता : हमी नाही, पण पर्याय काय, हे आता साशंकानेच सांगायला हवे. अंतरावर आधारलेला एकच दर परत आणला, तर शुक्रवारी संध्याकाळी जाणारा व्यावसायिक आणि मंगळवारी दुपारी जाणारा विद्यार्थी सारखेच भाडे देतील. म्हणजे आज विद्यार्थ्याला मिळणारी सवलत व्यावसायिकाच्या खिशात जाईल आणि मंगळवारची गाडी रिकामी धावेल. द्युप्वीने दाखवलेल्या अन्यायाला हीही दुसरी बाजू आहे, आणि एकाच वस्तूचे वेगवेगळे दर लावल्याशिवाय काही सार्वजनिक कामे उभीच राहणार नाहीत हे त्याने स्वतःही ओळखले होते. प्रवासी केवळ सोसत राहतात असेही नाही. जर्मन रेल्वेने डिसेंबर २००२ मध्ये विमानांच्या धर्तीवर दररचना आणून पन्नास टक्के सवलतीचे कार्ड रद्द केले, तेव्हा लोकांचा रोष आणि घटलेले प्रवासी पाहून ऑगस्ट २००३ मध्ये ते कार्ड परत आणावे लागले.

साशंक : पर्याय प्रत्यक्षात येऊन गेला आहे. जर्मनीने २०२२ च्या जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये महिन्याला नऊ युरोंत देशभरच्या सर्व स्थानिक आणि प्रादेशिक वाहनांतून फिरण्याचे तिकीट दिले आणि त्या तीन महिन्यांत सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटे विकली गेली. त्या तिकिटाचे मोठेपण दराइतकेच सोपेपणात होते : शहरागणिक बदलणारे भाड्याचे पट्टे, अटी, वेळा यांपैकी काहीही समजून घ्यावे लागत नव्हते, आणि कालच विमानातून उतरलेल्या परक्या माणसाला तेथे जन्मलेल्या माणसाइतकाच प्रवासाचा अधिकार होता. मे २०२३ पासून त्याच कल्पनेवर ४९ युरोंचे मासिक ‘डॉइचलँडटिकेट’ आले, आणि २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून ज्या विद्यापीठांनी करार केला तेथील विद्यार्थ्यांना ते साठ टक्के दरात मिळू लागले. आज कितीतरी मराठी विद्यार्थ्यांच्या खिशात तेच आहे. यात निश्चितता लागत नाही, युक्ती लागत नाही, आणि शेजारच्या दोन प्रवाशांना एकमेकांचे भाडे विचारण्याची गरज पडत नाही. १८४४ च्या कायद्यामागचा विचार येथे पुन्हा दिसतो : परवडणारा प्रवास हा शोधून सापडण्याचा लाभ नाही, तो आधीच ठरवून दिलेला हक्क आहे.

पुरस्कर्ता : हक्काची ही भाषा मनाला पटते, आणि त्या तिकिटाने लाखो माणसांना मोकळे केले हेही निर्विवाद आहे. पण हक्काचाही खर्च असतो. या तिकिटामुळे होणारी उत्पन्नातील तूट भरून काढण्यासाठी संघ आणि घटक राज्ये मिळून वर्षाला तीन अब्ज युरो देतात, आणि ते पैसे ज्याच्या गावात दिवसाला दोनच बस येतात अशा करदात्याकडूनही जमा होतात. त्याच्यासाठी तिकीट स्वस्त करण्यापेक्षा तिसरी बस सुरू करणे अधिक न्याय्य ठरले असते. दुसरे असे की हे तिकीट सभासदत्वाच्या रूपात घ्यावे लागते आणि महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात, म्हणजे आठवडाभरासाठी आलेल्या पर्यटकाला येथेही अटी वाचाव्याच लागतात. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही की स्वस्त हक्क देशाच्या आत संपतो. देशांतर्गत दर ठरवायला संसद आहे. वॉर्सा ते लिस्बन या प्रवासाचा दर ठरवणारी संसद नाही. सीमा ओलांडणाऱ्या माणसासाठी आज तरी बाजारच आहे, आणि म्हणून त्या बाजारात कसे वागावे हे शिकवणे निरर्थक म्हणता येत नाही. मात्र येथपर्यंतच्या चर्चेतून एक गोष्ट मान्य करावी लागते : ते शिकवणे पुरेसेही नाही. प्रत्येक रेल्वेने आपल्या दरांच्या पायऱ्या आणि उरलेली आसने जाहीर करावीत, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटे जोडून घेतली तरी चुकलेल्या गाडीची जबाबदारी विक्रेत्यावर यावी, एवढी मागणी बाजाराच्या पुरस्कर्त्यानेही केली पाहिजे.

साशंक : ती मागणी पूर्ण होईपर्यंत प्रवाशाने आपल्या खर्चाच्या अंदाजपत्रकात बेत बदलण्याची किंमत वेगळी धरावी, व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा नसलेले तिकीट घेऊ नये, आणि दोन तिकिटे जोडायचीच असतील तर मध्ये काही तासांची मोकळी जागा ठेवावी, एवढे म्हणता येते; पण हे सल्ले त्याला अन्यायातून वाट काढायला मदत करतात, अन्याय कमी करत नाहीत. हक्काने मिळणारी स्वस्ताईही स्थिर नाही, हे येथे कबूल करावे लागेल. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले जर्मनीचे मासिक तिकीट जानेवारी २०२५ मध्ये ५८ युरोंचे झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचे झाले आहे. आणि बर्लिनहून प्रागला जाणाऱ्या वेगवान गाडीत ते जर्मनीच्या हद्दीतही चालत नाही.